अठ्ठ्याहत्तर वर्षांत शंभर किलोमीटर

पाचोरा ते जामनेर नॅरोगेजचा रूळ ५६ किलोमीटरचा. त्यावरची पी.जे. गाडी धावत होती तेव्हा वरखेडी, शेंदुर्णी, पहूर असं थांबत थांबत तिला साधारण दोन तास लागायचे. ज्याला घाई असे तो एस.टी. धरायचा.

२ सप्टेंबर २०१७ रोजी अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात ‘वूडू’ नावाच्या विमानाने तीन किलोमीटरच्या मोजलेल्या पट्टीवर येरझाऱ्या घातल्या. चार फेऱ्यांची सरासरी निघाली ताशी ८५५.४१ किलोमीटर. या वेगाने पी.जे.चा अख्खा मार्ग चार मिनिटांत संपतो. तीन किलोमीटरची ती पट्टी तर साडेबारा सेकंदांत संपत होती.

यात नवल काय, मुंबईहून दिल्लीला जाणारं कुठलंही जेट याच वेगाने जातं, असं कुणी म्हणेल. जातंच, पण दहा किलोमीटर उंचीवर, विरळ हवेतून. वूडू जमिनीलगत उडत होतं आणि ते जेट नव्हतं. त्याच्या नाकावर प्रोपेलर होता, आणि तो फिरवणारं पिस्टनचं इंजिन दुसऱ्या महायुद्धातल्या आराखड्याचं होतं. विमानही मूळचं त्याच युद्धातलं, पी-५१ मस्टँग. बंदुका उतरवल्या, पंखांची टोकं छाटली, वैमानिकाच्या डोक्यावरची काच डोक्यापुरतीच ठेवली, पत्र्याच्या फटी लांबीने बुजवून अंग घासून गुळगुळीत केलं, आणि लढाऊ विमानाचं शर्यतीचं विमान झालं. अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या रीनो शहराबाहेर १९६४ पासून २०२३ पर्यंत अशा विमानांच्या शर्यती भरत होत्या.

ही विमानं आता जामनेरवरूनही उडू शकतात, अर्थात पडद्यावर. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये नोव्हेंबर २०२१ मध्ये रीनोच्या शर्यती आल्या, चाळीस विमानांसह. बरा संगणक, एक जॉयस्टिक आणि न तुटणारं इंटरनेट असलं, की कांग नदीच्या काठावरच्या घरात बसून मस्टँग उडवता येतं. भारनियमनाची वेळ तेवढी सांभाळायची.

आधी या खेळण्याचेच आकडे घेऊ, कारण डोळे पांढरे व्हायला तेच पुरतात. २०२० च्या ऑगस्टमध्ये हे सिम्युलेटर आलं तेव्हा त्याच्यामागे नकाशांचा आणि हवाई छायाचित्रांचा दोन पेटाबाइटांचा साठा असल्याचं सांगण्यात आलं. दोन पेटाबाइट म्हणजे वीस लाख जीबी. मोबाइलच्या रोजच्या दोन जीबी पॅकवर हा साठा उतरवून घ्यायचा म्हटलं तर दहा लाख दिवस लागतील, म्हणजे २,७०० हून अधिक वर्षं. जामनेरपासून सरळ रेषेत तीसेक किलोमीटरवर अजिंठा आहे. तिथलं पहिलं लेणं कोरायला घेतलं त्याच्याही पाचशेहून अधिक वर्षं आधी कुणी डाउनलोड सुरू केलं असतं, तर ते आत्ता कुठे पूर्ण होत आलं असतं. म्हणून हा साठा कुणी घरी आणत नाही. विमान जिकडे जाईल तिकडची जमीन तेवढी सर्व्हरवरून वाहत येते आणि मागे पडली की पुसली जाते.

त्या जमिनीवर दीडशे कोटी इमारती उभ्या आहेत. सेकंदाला एक या दराने मोजायला बसलं, रात्री न झोपता, तर सत्तेचाळीस वर्षं जातील. झाडं दोन लाख कोटी; ती मोजण्याचा नाद सोडलेला बरा, त्याला त्रेसष्ट हजार वर्षं लागतात. विमानतळ ३७,०००, त्यांत आपलं जळगावही. इमारती कुणी एकेक करून बांधलेल्या नाहीत. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातल्या ब्लॅकशार्क नावाच्या कंपनीने वरून काढलेली छायाचित्रं संगणकाला दाखवली, आणि छपराच्या आकारावरून, रंगावरून त्याने घरं अंदाजाने उभी केली. जगातल्या सुमारे चारशे शहरांच्या वाट्याला खरीखुरी, छायाचित्रांतून घडवलेली त्रिमिती रूपं आली. तालुक्याच्या गावांच्या वाट्याला अंदाज. तेव्हा पडद्यावरच्या जामनेरात आपलं घर दिसेल, पण ते आपलं असेलच असं नाही. वरून पाहणाऱ्या यंत्राला केळीचा मळा आणि कपाशीचं शेत यांतला फरक कळलाच पाहिजे असाही काही नियम नाही.

एवढे आकडे ऐकले की माणूस हबकतो. मला मात्र वाटतं, हे आकडे स्वस्त आहेत. सर्व्हर वाढवा, पेटाबाइट वाढतात. हबकावं असा आकडा या गोष्टीत दुसराच आहे आणि तो लहान आहे.

२६ एप्रिल १९३९ रोजी जर्मनीत फ्रिट्झ वेंडेलने मेसरश्मिट २०९ या खास वेगासाठी बांधलेल्या विमानातून ताशी ७५५.१ किलोमीटरचा विक्रम केला. पुढे जेट आली, युद्ध संपलं, माणसाने चंद्रावर जायची तयारी केली, तरी पिस्टन इंजिनाचा हा विक्रम तीस वर्षं तसाच राहिला. तो मोडला १६ ऑगस्ट १९६९ रोजी, म्हणजे माणूस चंद्रावर उतरल्यानंतर चार आठवड्यांनी. डॅरिल ग्रीनामायर या वैमानिकाने अमेरिकी नौदलाच्या जुन्या बेअरकॅट विमानाची काटछाट करून ‘काँक्वेस्ट-१’ घडवलं आणि ७७७ गाठले. १९७९ मध्ये स्टीव्ह हिंटनने ‘रेड बॅरन’ या मस्टँगमधून ८०३. १९८९ मध्ये लाइल शेल्टनने ‘रेअर बेअर’ या दुसऱ्या बेअरकॅटमधून ८५०. आणि २०१७ मध्ये वूडूने ८५५. ते चालवत होता स्टीव्हन हिंटन, १९७९ च्या स्टीव्ह हिंटनचा मुलगा.

७५५ पासून ८५५ पर्यंत. अठ्ठ्याहत्तर वर्षांत शंभर किलोमीटर. वर्षाला सव्वा किलोमीटर. बापाच्या विक्रमापासून लेकाच्या विक्रमापर्यंत अडतीस वर्षं गेली आणि वेग वाढला साडेसहा टक्के. आता या अडतीसच्या शेजारी दुसरे अडतीस ठेवा. मायक्रोसॉफ्टचं पहिलं फ्लाइट सिम्युलेटर १९८२ चं. त्याला ६४ केबी मेमरीचा संगणक पुरायचा. शिकागोचा किनारा काही रेघांत दिसायचा आणि त्यावर लोक खूश असायचे. १९८२ ते २०२० अडतीसच वर्षं. चौसष्ट केबीपासून दोन पेटाबाइटांपर्यंतची वाढ तीन हजार कोटी पटींची. तुलना थोडी लबाडीची आहे, एकीकडे मेमरी आहे आणि दुसरीकडे साठवण. पण लबाडी वजा करूनही जे उरतं ते साडेसहा टक्क्यांच्या शेजारी ठेवायला धाडस लागतं.

असं का व्हावं? उत्तर हवेत आहे. विमान हवा कापत जातं तेव्हा वेग वाढेल तसा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि त्या विरोधाला रेटायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. दुप्पट वेग हवा तर आठपट शक्ती. उलट बाजूने पाहिलं तर शक्ती दुप्पट केल्यावर वेग कितीने वाढतो? सव्वापटीने. १.२६ पट, नेमकं सांगायचं तर. दुप्पट डिझेल ओतून सव्वापट पाणी आलं तर शेतकरी मोटर विहिरीत ढकलून देईल. शर्यतवाल्यांनी मात्र याच सौद्यावर आयुष्यं घालवली.

साधं मस्टँग जमिनीलगत ताशी सुमारे सहाशे किलोमीटर जातं. त्याचं मर्लिन इंजिन रोल्स-रॉइसच्या आराखड्याचं, अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवलेलं. आकारमान २७ लिटर, बारा सिलिंडर, म्हणजे एकेका सिलिंडरच्या वाट्याला सव्वादोन लिटर. स्कॉर्पिओचं अख्खं डिझेल इंजिन याहून किंचित लहान असतं. एका वेळी बारा स्कॉर्पिओ एकाच दांड्याला जुंपल्या आहेत असं समजा. उड्डाणाच्या वेळी हे इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर सुमारे १,४९० अश्वशक्ती द्यायचं. आपल्या भाषेत, पाच एचपीच्या तीनशे मोटरी.

शर्यतीचा मेकॅनिक त्यातून तीन हजार अश्वशक्तीच्या वर काढतो. सहाशे मोटरी. इंजिन तेच, सव्वीस नाही की अठ्ठावीस नाही, सत्तावीसच लिटरचं. मग शक्ती येते कुठून? हवा कोंबून. मूळ इंजिनात सुपरचार्जर हवेचा दाब पाऱ्याच्या ६१ इंचांपर्यंत न्यायचा, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दुप्पट. शर्यतीत तो १३० इंचांच्या पुढे नेतात, चौपटीहून जास्त. एवढ्या दाबाखाली पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता आपणहून भडकायला बघतं आणि पिस्टनला भोक पाडतं. ते थंड ठेवायला हवेबरोबर पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण आत फवारतात. रेडिएटरवरही पाणी मारतात. ते उकळून उडून जातं आणि उष्णता घेऊन जातं. पाणी संपलं की शर्यत संपली. साध्या मर्लिनची उमर शेकडो तासांत मोजतात. या इंजिनाच्या पूर्ण ताकदीची मिनिटांत.

फेऱ्या मिनिटाला ३,४०० वर गेल्या की बारा सिलिंडर मिळून सेकंदाला ३४० स्फोट होतात. आठेक मिनिटांच्या अंतिम शर्यतीत दीड लाखाहून जास्त. त्यातला एखादा वेळेआधी झाला तरी विमान धूर सोडत वर चढतं, कारण इंजिन फुटलं की वेगाचं उंचीत रूपांतर करायचं आणि वरून उतरायला जागा शोधायची, हा रीनोचा पहिला धडा.

आता सव्वापटीचं गणित लावा. सहाशेला १.२६ ने गुणलं तर साडेसातशे आणि थोडं वर, म्हणजे वेंडेलने १९३९ मध्ये केलं तेवढंच. शक्ती दुप्पट करून आपण तिथवर येतो. तिथून पुढचे शंभर किलोमीटर इंजिनाचे कमी आणि पॉलिश पेपरचे जास्त. पंखांची टोकं, काचेचा उंचवटा, रिव्हेटची डोकी, रंगाचा थर, जे जे हवेला अडतं ते काढत जायचं. हे काम वर्षानुवर्षं चालतं आणि त्यातून एकेक किलोमीटर हाती येतो.

प्रोपेलरचं दुखणं आणखी वेगळं. मस्टँगच्या प्रोपेलरचा व्यास ३.४ मीटर. मूळ गिअरमधून इंजिनाच्या ३,४०० फेऱ्यांचे प्रोपेलरला १,६०० हून थोड्या जास्त फेरे मिळतात. त्याच्या पात्याचं टोक गोल फिरतानाच सेकंदाला २९० मीटर जातं; त्यात विमानाचा पुढे जाण्याचा सेकंदाला २२७ मीटर वेग काटकोनात मिसळला की टोकाचा खरा वेग होतो ३६८ मीटर. ध्वनी त्या हवेत जातो सुमारे ३४५ मीटरने. म्हणजे विमान ध्वनीच्या पुष्कळ मागे, पण पात्याचं टोक ध्वनीच्या पुढे! ध्वनीपलीकडे गेलेलं टोक ओढण्याऐवजी ओरडण्यात शक्ती घालवतं. म्हणून शर्यतवाले इंजिन जोरात आणि प्रोपेलर संथ फिरेल असे गिअर शोधून बसवतात. ज्या दिशेने पुढे जावं तिथे भिंत आहे, आणि प्रोपेलरचं विमान तिच्यावर डोकं टेकवून उभं आहे.

हे कोण करतं? राजे-महाराजे नाहीत. ‘स्ट्रेगा’ हे रीनोच्या सर्वात गाजलेल्या मस्टँगांपैकी एक. त्याचा मालक बिल डेस्टेफानी, सगळे त्याला टायगर म्हणत, कॅलिफोर्नियातल्या कर्न काउंटीचा शेतकरी. त्याने १९८७ ते २००८ या काळात सात वेळा रीनोची अंतिम सुवर्ण शर्यत जिंकली. त्याचा हँगर शाफ्टर गावच्या मिंटर फील्डवर, आणि शाफ्टर ओळखलं जातं ते कपाशीच्या संशोधन केंद्रासाठी. जामनेरच्या जिनिंगमध्ये बसलेल्या माणसाला हे गाव अगदीच परकं वाटू नये.

आणि विमानं मिळाली कशी, ती गोष्ट तर आकड्यांची कमाल आहे. युद्ध संपलं तेव्हा अमेरिकेजवळ हजारो विमानं पडून होती. मस्टँगच पंधरा हजारांहून अधिक बनली होती. एकेकाला सरकारला पन्नास हजार डॉलरच्या आसपास खर्च आला होता. हॉलिवूडसाठी विमानं उडवणाऱ्या पॉल मँट्झने ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरला उभी असलेली ४७५ विमानं लॉटमध्ये घेतली, सगळी मिळून ५५,००० डॉलरला. एक विमान ११६ डॉलरला पडलं. आपलं हवाई दल जगात सहाव्या क्रमांकाचं आहे, अशी थट्टा तो करायचा. त्याने बारा विमानं ठेवली, बाकीची विकली, टाक्यांत राहिलेलं पेट्रोलही विकलं आणि फायद्यात राहिला. ठेवलेल्यांतल्या मस्टँगवर त्याने १९४६, ४७ आणि ४८ अशी लागोपाठ तीन वर्षं बेंडिक्स शर्यत जिंकली. आज उडतं मस्टँग घ्यायचं तर वीस-पंचवीस कोटी रुपये मोजायची तयारी ठेवावी लागते.

आपल्याकडचाही एक धागा या गोष्टीत आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. भारतीय हवाई दलाची स्पिटफायर विमानं पन्नासच्या दशकात निवृत्त झाली आणि ठिकठिकाणी उभी राहिली. ऑर्मंड हेडन-बेली नावाचा वैमानिक, जो स्वतः सी फ्युरी विमान घेऊन अमेरिकेतल्या शर्यतींत उतरत असे, सत्तरच्या दशकात ती शोधत भारतात आला आणि आठ स्पिटफायरचा सौदा केला. १९७७ मध्ये जर्मनीत मस्टँग उडवताना तो गेला. विमानं त्याच्या भावाने, वेन्स्लीने, पुढल्या वर्षी विलायतेला नेली. त्यातलं एक, एनएच ७४९, नाशिकहून गेलेलं. ते दुरुस्त होऊन १९८३ मध्ये पुन्हा उडालं, पुढे कॅलिफोर्नियात डेव्हिड प्राइस या शर्यतवाल्या संग्राहकाकडे गेलं आणि नंतर कॅमारिलोच्या धावपट्टीवर पोचलं.

त्या स्पिटफायरच्या नाकात मर्लिन नव्हतं, त्याचा थोरला भाऊ ग्रिफन होता: ३६.७ लिटर, बारा सिलिंडर, एकेक सिलिंडर तीन लिटरचं. नाशिकचं ग्रिफन धूळ खात पडलं होतं, त्याच सुमारास अमेरिकेत काही माणसं एका मस्टँगचं मर्लिन काढून त्या जागी ग्रिफनच बसवत होती, एकामागे एक, उलटसुलट फिरणाऱ्या दोन प्रोपेलरांसह. तेच ‘रेड बॅरन’, आणि त्यानेच १९७९ चा ८०३ किलोमीटरचा विक्रम केला. शेजारच्या ब्रह्मदेशाची कथा याहून भारी. तिथल्या हवाई दलातून निघालेली एक सी फ्युरी सँडर्स कुटुंबाने अमेरिकेला नेली आणि तिच्यात प्रॅट अँड व्हिटनीचं ७१.५ लिटरचं, अठ्ठावीस सिलिंडरचं, छप्पन्न स्पार्क प्लगचं इंजिन बसवलं. ‘ड्रेडनॉट’ या नावाने ती १९८३ आणि १९८६ मध्ये रीनोला पहिली आली. आपल्या विमानांचं काय झालं? बहुतेक भंगारात गेली.

आता रीनोचं रिंगण उचलून जामनेरवर ठेवू. सिम्युलेटरचा खरा उपयोग मला हाच वाटतो. मोठ्या विमानांचं रिंगण सुमारे तेरा किलोमीटरचं, खांबांभोवती, कायम डावीकडे वळत. अंतिम शर्यतीला आठ फेऱ्या, म्हणजे शंभर किलोमीटरच्या थोडं वर. २००३ मध्ये स्किप होमने ‘डेगो रेड’ या मस्टँगमधून इथल्याच एका सहा फेऱ्यांच्या शर्यतीत ताशी ८१६ किलोमीटरची सरासरी गाठली. एक फेरी सत्तावन्न सेकंदांत.

रिंगण अगदी गोल धरलं तरी या वेगाला विमान जवळजवळ सत्तर अंशांत कलतं ठेवावं लागतं आणि वैमानिकाचं वजन पावणेतीनपट होतं. साठ किलोचा माणूस एकशे साठ किलोचा होऊन आठेक मिनिटं बसतो, तेही चाळीसेक अंश तापलेल्या डब्यात, समोर सहाशे मोटरींचा आवाज. खरं रिंगण लांबट असतं, त्यामुळे वळणावर भार आणखी वाढतो. घरच्या खुर्चीत साठ किलोचा माणूस साठच राहतो. सिम्युलेटर पडद्याच्या कडा काळ्या करून दाखवतो, ती त्याची शिकस्त.

उंची? खांबाच्या टोकाइतकी, पंधरा मीटरपासून. एवढ्या खाली आणि एवढ्या वेगात नाक एक अंशाने, फक्त एका अंशाने, खाली झुकलं तर जमीन चार सेकंदांच्या आत येते. माणसाच्या डोळ्याने पाहून हात हलायला पाव सेकंद जातो. तेवढ्यात विमान ५७ मीटर पुढे गेलेलं असतं.

इथे घरगुती संगणकाची खरी परीक्षा आहे, आणि ती दोन पेटाबाइटांशी संबंधित नाही. पडदा सेकंदाला साठ चित्रं दाखवत असेल तर दोन चित्रांच्या मध्ये विमान पावणेचार मीटर सरकतं. आपल्याकडच्या साध्या यंत्रावर तीसच चित्रं येतात, तेव्हा साडेसात मीटर. मस्टँगची लांबी दहा मीटरच्या आत. म्हणजे पाऊण विमानभर अंतर आपण दर वेळी आंधळे असतो. मित्राबरोबर ऑनलाइन शर्यत लावली आणि इंटरनेटला शंभर मिलिसेकंदांचा उशीर असला, तर त्याचं विमान आपल्याला दिसतं तिथे नसतंच. ते तेवीस मीटर पुढे असतं, दोन मस्टँग एकामागे एक उभी करूनही वर जागा उरेल एवढं. मधली जागा प्रोग्रॅम अंदाजाने भरून काढतो. मित्राने त्याच क्षणी वळण घेतलं असेल, तर आपण त्याच्या भुताशी शर्यत लावत असतो. आधीच्या आवृत्त्या विमानाला एक बिंदू समजून हवेचा हिशेब करत; २०२० ची आवृत्ती एका विमानावर हजाराहून जास्त ठिकाणी तो करते. हवेचं गणित सुटलं, उशिराचं सुटलेलं नाही.

रीनोला खांबांभोवती जे उडत होते त्यांना दुसरी संधी नव्हती. १६ सप्टेंबर २०११ रोजी ‘गॅलपिंग घोस्ट’ या मस्टँगच्या शेपटीवरची एक छोटी पट्टी, ट्रिम टॅब, तिच्या जुन्याच पुन्हा वापरलेल्या नटांमुळे सैल झाली आणि थरथरू लागली. विमान एका झटक्यात वर उसळलं. वैमानिक जिमी लीवर्डवर सतरापट भार आला. साठ किलोचा माणूस क्षणभर हजार किलोचा होतो, तेवढा. त्याची शुद्ध तिथेच हरपली. विमान प्रेक्षकांसमोरच्या जागेत कोसळलं. अकरा माणसं गेली, साठाहून जास्त जखमी झाली. त्याच विमानाचे पंख मूळच्या सदतीस फुटांवरून एकोणतीस फुटांवर आणलेले होते, आणि केलेले सगळे बदल नीट तपासून, नोंदवून केलेले नव्हते, असं चौकशीत निघालं. मी हा अकरा मृत्यूंचा आकडा मुद्दाम शेवटाकडे ठेवला, कारण शर्यतीच्या शंभर किलोमीटरांच्या हिशेबात तो धरावाच लागतो. आणि २०२३ च्या शेवटच्या रीनोला दोन विमानांची टक्कर होऊन दोन्ही वैमानिक गेले. शर्यती आता न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलला हलल्या आहेत.

पडद्यावर आपटलात तर एक कळ दाबून पुन्हा धावपट्टीवर येता. माझ्या मते दोन पेटाबाइटांची खरी कमाई ही आहे. धुळ्याला बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये रीतसर उडायला शिकणारी मुलं आहेत. त्यांना विचारा, चुकण्याची मुभा किती महाग असते.

ज्यांच्या घरी सोय आहे त्यांनी हे करून पाहावं. जळगावच्या धावपट्टीवरून निघा. थ्रॉटल एकदम पुढे ढकलू नका. प्रोपेलरच्या झटक्याने मस्टँग डावीकडे ओढतं, उजवा पाय तयार ठेवा. आग्नेयेला वळा, सरळ रेषेत तेवीस किलोमीटर, पुरत्या वेगात पावणेदोन मिनिटांत जामनेर येईल. गावाला मध्ये ठेवून तेरा किलोमीटरचं रिंगण आखा, डावीकडे वळत आठ फेऱ्या मारा, घड्याळ लावून. पहिल्या आठवड्यात दोनशे मीटरच्या खाली उतरू नका.